आखाजीला विकतचं काही नाही

आमचे हे निवृत्त झाले आणि घरातून विकतचा साबण हद्दपार झाला. मग टूथपेस्ट गेली. मग बाजारची भाजी गेली. जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत बाकीची माणसं निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात, नाहीतर सकाळी मैदानाला चकरा मारतात. ह्यांनी मोबाइल हातात धरला. त्यात कुणी ना कुणी घर स्वयंपूर्ण कसं करावं ते सांगत असतं, ते बघत बसले, आणि एक दिवस चहा पिता पिता जाहीर केलं, "आता घरात लागेल ते घरातच." मी म्हटलं, "चहापत्ती कुठल्या कुंडीत लावायची, तेवढं सांगा." ते कप ठेवून गच्ची मोजायला वर गेले.

नुसती हौस असती तर मी ती आठवड्यात मोडून काढली असती. माझा स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण मोडली नाही, कारण ह्या सगळ्याच्या मागे अक्का होत्या.

अक्का म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. राहतात धुळ्याला, एकट्या. मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आईवडील लवकर गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. हे शिकले ते अक्कांच्या शिलाई मशीनवर, असं हे स्वतःच सांगतात आणि सांगताना दर वेळी चष्मा पुसतात. गेल्या वर्षीच्या थंडीत अक्का बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं. आम्ही धावत गेलो, म्हटलं, आता पुरे, चला जळगावला. तर प्लास्टरमधला हात उंच करून म्हणाल्या, "माले काही लागत नही. मी कुणाच्या घरी आयतं बसून खाणार नाही. तुमच्या घासातला घास कशाला कमी करू?" धुळ्याची बाई, अहिराणीतच बोलतात. मी फैजपूरकडची, मला ती बोलता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या भाषेत सांगते. पण काही शब्द त्यांच्याच तोंडचे बरे. 'शे' म्हणजे आहे आणि 'आठे' म्हणजे इथं, एवढं कळलं की पुरे.

परत येताना बसमध्ये हे बोटांवर काहीतरी मोजत होते. पारोळा गेल्यावर बोलले, "घास विकतचाच नसला तर? सगळं घरचंच असलं, तर मग अक्काचं ओझं कसलं? कमी काय व्हायचं?" मला हसू आलं. एवढा मोठा माणूस, कारखान्यात शंभर लोकांना कामाला लावणारा, आणि बहिणीला घरी आणायला हा असला हिशेब मांडून बसला होता! मी म्हटलं, "करा. मी आहे."

आणि सुरू झालं. गच्चीवर वांगी, मिरच्या, मेथी, गवार. खत करायच्या पिंपाचा वास असा की वरून कावळेसुद्धा वळसा घालून जात. तळणाच्या तेलाचा साबण केला, तो अंगाला लावला की माणूस आंघोळ करूनही भज्यासारखा वास मारायचा. दंतमंजन इतकं कडू की आरशात स्वतःचं तोंड बघवेना. वांगी मात्र झाली हो! हिरवी, पांढरट रेघांची, तुकतुकीत. पहिलं भरीत आम्ही गच्चीवरच भाजलं, गच्चीवरच खाल्लं, आणि मी कबूल केलं की अशी चव बाजारच्या वांग्याला येत नाही. तेवढ्यावर हे महिनाभर फुगून फिरले.

पण घर म्हणजे किती, हा प्रश्न काही सुटेना. गहू कुठले? पिंप्राळ्यात गहू पिकत नाहीत. तर ह्यांचे चुलतभाऊ बोदवडकडे शेती करतात, त्यांचे गहू. "चुलतभाऊ म्हणजे घरचेच की!" बरं. केळी माझ्या माहेरची. "माहेर म्हणजे घरच." बरं. मीठ? मिठाला काही नातेवाईक सापडेना. मग मीठ आणि काडेपेटी ह्यांना सूट मिळाली. मी म्हटलं, "आणि मोबाइलचा रिचार्ज? तो कुठल्या कुंडीतला?" त्यालाही सूट मिळाली, कारण तो बंद पडला असता तर पुढचं शिकायचं कुठून? हसून हसून माझी पुरेवाट. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. नोकरीत असताना हा माणूस घरी यायचा तो दमून, जेवायचा, झोपायचा. आता दिवसभर माझ्याशी भांडत होता, कोथिंबीर कापू नका म्हणून ओरडत होता, मिरचीला फूल आलं की हाक मारत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

रोज संध्याकाळी अक्कांना फोन. "अक्का, आज घरची गवार. अक्का, आता पीठही घरात, घरघंटी घेतली. अक्का, आम्हाला आता बाहेरचं काही म्हणता काही लागत नाही." पलीकडून अक्का "हां", "चांगलं शे" एवढंच म्हणायच्या.

शेवटी त्या यायला तयार झाल्या, पण आखाजीपुरत्या. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खान्देशात लेकी दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, आखाजीला माहेरी येणारच. अक्का फोनवर म्हणाल्या, "आखाजीला येणं हा लेकीचा हक्क आहे. राहणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला बसवून द्यायचं." हे म्हणाले, "बघू." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आखाजीला ताटात विकतचं काही नको. एकदा तिनं डोळ्यांनी बघितलं, की राहील."

आखाजीचं ताट म्हणजे आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. आंबे माझ्या भावाच्या बांधावरचे, म्हणजे ह्यांच्या भाषेत घरचेच. प्रश्न पोळीचा होता. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. दोन पुऱ्यांच्या मध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या, जरा लाटायचं, आणि मग ती पोळी हातांवर घेऊन ह्या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं असतं, त्याच्या पाठीवर ती अलगद टाकायची. एकट्या बाईचं हे काम नाहीच. एकीनं पुऱ्या करायच्या, एकीनं हातावर पोळी वाढवायची, एकीनं खापरापाशी बसायचं. म्हणून आमच्या गल्लीत आखाजीला बायका आज हिच्याकडे, मग तिच्याकडे अशा फिरतात. कुणी कुणाला बोलावत नाही, आपलं आपण येतात.

"यंदा कुणी नको," हे म्हणाले. "स्वयंपूर्ण म्हणजे स्वयंपूर्ण. अक्का बघेल की पोळी करायलाही बाहेरच्या बाया लागतात, मग काय राहिलं?"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आखाजीला नको म्हणून सांगायचं?"

"मी आहे ना मदतीला."

मी कपाळावर हात मारला. पण मी आहे म्हणून बसमध्ये शब्द दिला होता. गल्लीत सांगून आले, यंदा आमचं आम्ही करतो. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. समोरच्या घरातल्या चाचींना तर खरंच वाटेना. चाचांचं गाद्यांचं दुकान आहे, आमची घरं समोरासमोर, गच्च्याही समोरासमोर. त्यांच्याकडे लग्नाकार्याला मांडे होतात, बिनपुरणाचे, चादरीएवढे, तेही असेच हातावर वाढवून उपड्या कढईवर टाकतात. त्यामुळे आखाजीला आमच्या खापरापाशी पोळी वाढवायला दर वर्षी चाचीच. त्या म्हणाल्या, "क्यों भाभी, माझ्या हाताला काय झालं?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अक्का आखाजीच्या आदल्या दिवशी आल्या तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ह्यांनी त्यांना पाणीसुद्धा धड पिऊ दिलं नाही, थेट गच्चीवर नेलं. वांगी दाखवली, खताचं पिंप दाखवलं, साबणाची वडी हातात दिली. अक्कांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"बठ्ठं घरनंच शे का रे भाऊ?"

"सगळं! आम्हाला काही लागतच नाही, अक्का."

"हां," अक्का म्हणाल्या आणि वांग्याच्या पानावरून डावा हात फिरवत उभ्या राहिल्या. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण उजव्या हातात पहिला जोर काही परत आला नव्हता. खाली येऊन त्यांनी पिशवीतून एकच लुगडं बाहेर काढलं, बाकी पिशवी बांधलेलीच ठेवली. 

आखाजीला सासूसासऱ्यांच्या नावानं घागर भरतो, आणि दुपारच्या आत आगारी टाकतो, म्हणजे निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास आणि तूप. त्याआधी घरात कुणी जेवत नाही. सकाळी लवकरच आम्ही गच्चीवर चूल मांडली. आणि पहिली गडबड उघडकीला आली. ह्या पोळीचे गहू आदल्या दिवशी ओलवून, फडक्यात बांधून ठेवतात, मग गिरणीत बारीक दळून पीठ वस्त्रगाळ करतात. ह्यांनी ते ओलवलेले गहू माझ्या नकळत घरघंटीत ओतले होते. घरघंटीनं एक आचका दिला आणि ती गच्च झाली. मग ह्यांनी चमच्यानं खरवडून, उरलेले सुके गहू दळून, सगळं एकत्र करून ठेवलं होतं. मला सांगितलं कधी? पीठ परातीत पडल्यावर!

कणीक मळली. तेल लावलं, पाणी लावलं, आपटली, ओढली. कसली लांबतेय? ओढली की तुटायची. पहिली पोळी मी हातावर घेतली, मनगटापर्यंतही गेली नाही तोवर मधोमध भोक. दुसरी खापरावर जाताना फाटली, पुरण चुलीत, नुसता धूर. हे म्हणाले, "दे इकडे, तू घाबरतेस." आणि बाह्या सरसावून उभे राहिले. पोळी झेलायला गेले, ती झेललीच नाही, कोपराला गुंडाळली गेली. झटकली तर अर्धी खांद्यावर. पुरण चष्म्यावर. समोरच्या गच्चीवरून चाचींच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच पदर तोंडात कोंबल्यासारखा थांबला. मीही हसले असते, पण अक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या.

ऊन वर चढत होतं. परातीत फाटलेल्या पोळ्यांचा ढीग. आगारीला ठेवावी अशी एकही अख्खी पोळी नाही. ह्यांचा चेहरा बघवेना. वर्षभर हा माणूस ज्या दिवसासाठी राबला, तो दिवस असा चुलीत चालला होता. मनात आलं, झालं, आता अक्का पिशवी उचलणार आणि म्हणणार, तुमचीच त्रेधा उडते आहे, त्यात माझी भर कशाला.

तेवढ्यात चाचींना राहवलं नाही. कठड्यावरून ओरडल्या, "भाभी, आटे में जान नहीं है! कितीही ओढ, फाटणारच!"

"आमचं आम्ही बघतो, चाची," हे म्हणाले. आवाज रडवेला होता.

अक्का ताडकन उठल्या. "तुले येड लागनं का रे?"

ह्यांनी चष्म्यावरचं पुरण पुसलं.

"आपली आई एकटी पोळ्या करायची, असं तुला कुणी सांगितलं? आईला पोळी वाढवता यायची नाही. कधीच आली नाही. तिच्या हातून फाटायची, ह्या तुझ्या फाटतात तशीच. वाढवायची ती शेजारची काकू. आई खापरापाशी बसायची. पीठ मामीकडून यायचं. खापर शेजारच्यांचं, आपल्या घरी खापर नव्हतंच. आपल्या घरात कधी काही पुरलंय का रे? आणि तरी आखाजीला दारात पाय ठेवायला जागा नसायची." मग कठड्याशी जाऊन हात हलवला. "ओ बाई! पीठ आहे का तुझ्याकडे?"

"आहे की! भिजवलेलंच आहे, घरी मांडे करायचे होते."

"मग परात घेऊनच ये."

चाची जिन्यावर थबकल्या. "अक्का, तुमच्या नैवेद्याचं आहे. चालेल ना?"

"हात धुतलेत ना? मग ये लवकर, निखारे विझतात."

पुढचा तासभर काय झालं ते आठवलं तरी मला आनंदानं भरून येतं. मी पुऱ्या करून पुरण भरत होते. चाचींनी पोळी हातावर घेतली की ती पसरत जायची, पसरत जायची, शेवटी त्यांचे हात पोळीखाली दिसेनासे व्हायचे. अक्का खापरापाशी बसल्या आणि डाव्या हातानं पोळी उलटवू लागल्या, आणि दोघींचं जोरदार भांडण सुरू झालं. चाची म्हणायच्या आच कमी करा, अक्का म्हणायच्या तू पोळी टाक, आच माझ्याकडे लागली. "अक्का, जळेल!" "जळली तर मी खाईन!" हे लाकडं सारत होते, धुरानं डोळे पुसत होते, आणि मधेच मोठमोठ्यानं हसत होते. गल्लीतल्या आणखी बायका वर आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. एकीनं तूप आणलं, एकीनं कुरडया. कुणी विचारलंच नाही की काय घरचं आणि काय विकतचं.

आगारी वेळेत पडली. निखाऱ्यावर तुपाचा धूर उठला तेव्हा दोघं भाऊबहीण हात जोडून उभी होती. मग जेवणं. पोळी आमरसात बुडवून खाल्ली, चाचींना आग्रह करून करून वाढली, त्यांच्या घरी डबा गेला. सगळ्या बायका गेल्यावर हे अक्कांसमोर मांडी घालून बसले, शाळेतून नापासाचा निकाल घेऊन आलेल्या मुलासारखे.

"नाही जमलं, अक्का. तुला दाखवायचं होतं की ह्या घरात तुझं ओझं होणार नाही. आम्हाला काही लागत नाही."

अक्कांनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "तू वर्षभर फोनवर तेच सांगत होतास. आम्हाला काही लागत नाही, सगळं घरात आहे. मी ऐकायचे आणि फोन ठेवून बसायचे. ज्या घराला काहीच लागत नाही, तिथं मी येऊन करू काय? गच्चीवरच्या कुंडीत बसू?"

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही. बाई, बाई! आम्ही वर्षभर त्यांना बोलावत होतो आणि रोज संध्याकाळी दार लावून घेत होतो. मला इतकं रडू आलं की मी उठून आत गेले आणि उगाच भांडी वाजवली. बाहेर आले तर अक्का ह्यांच्या कानामागचं सुकलेलं पुरण नखानं काढत होत्या आणि हे लहान पोरासारखे मान खाली घालून बसले होते.  राहण्याबद्दल विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि ह्यांना तर नाहीच नाही.

सकाळी हे बसस्टँडला जायला कपडे करून तयार झाले. अक्कांची पिशवी दाराशी होती. मी डब्यात पोळ्या बांधत होते आणि डोळ्यांतलं पाणी खांद्यानं पुसत होते. अक्का खिडकीशी उभ्या राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. धुळ्याला त्यांच्या दारी दूध टाकणारा असावा.

"हां, मीच बोलतेय. दूध बंद कर बाबा... नाही, नाही, तब्येत बरी आहे... अरे, भावाकडे कुणालाच पोळी येत नाही. खापरापाशी बसायला माणूस नाही."

पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. किती दिवस, असंच विचारलं असणार. अक्कांनी आमच्याकडे बघितलं. मी डबा हातात धरून उभी, हे चप्पल घालता घालता वाकलेलेच.

"बंदच कर," अक्का म्हणाल्या. "मी आते आठेच शे."

हे सरळ झाले, पायातली चप्पल काढली, दाराशी गेले आणि पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवून आले.